खाजा

कोकणात जत्रा भरली की मिठाईच्या दुकानांत खाज्याच्या राशी दिसू लागतात. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तेलात तळून आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळतात. पाक सुकला की खाजा तयार होतो. मालवणचा खाजा विशेष प्रसिद्ध आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

‘खाजा’ हा शब्द आला कोठून? संस्कृतात ‘खाद्’ म्हणजे खाणे आणि ‘खाद्य’ म्हणजे खाण्याजोगा पदार्थ. प्राकृत भाषांत ‘द्य’ या जोडाक्षराचे ‘ज्ज’ झाले व ‘खाद्य’चे ‘खज्ज’ बनले. पुढे मराठीत जोडाक्षर सुटले, मागचा स्वर दीर्घ झाला आणि ‘खाजा’ हे रूप आले. याच रीतीने ‘अद्य’पासून ‘अज्ज’ व ‘आज’, आणि ‘विद्युत्’पासून ‘विज्जु’ व ‘वीज’ हे शब्द घडले.

मूळ अर्थाने कोणताही खाण्याचा पदार्थ ‘खाद्य’च होय; पण ‘खाजा’ या शब्दाने एका पक्वान्नापुरताच अर्थ राखला. ‘मृग’ शब्दाचेही तसेच झाले. पूर्वी तो कोणत्याही पशूस लावीत. आज त्याचा अर्थ हरीण एवढाच उरला आहे.

हे पक्वान्न मात्र सर्वत्र एक नाही. बिहारमधील सिलाव गावचा खाजा मैद्याचा व पदर सुटलेला असतो. ओडिशातील पुरीच्या जगन्नाथमंदिरातही खाजा प्रसाद म्हणून मिळतो. शब्दाचे मूळ एक. चव मात्र प्रत्येक प्रांताने आपापली घडविली.