व्हिडिओ म्हणजे कोर्स नव्हे

माणिकपूर परिसरातल्या कॉलेजांत विरार, सफाळे, पालघर, बोईसरहून मुलं लोकलनं येतात. त्यांच्यासाठी ऑनलाइन धडा करायला घेतलेल्या प्राध्यापकांची पहिली चौकशी बहुधा कॅमेऱ्याची असते: माइक कुठला घ्यावा, स्टुडिओ कुठे मिळेल? या चौकशीमागे काही समज आहेत, आणि ते वेळीच दूर झाले नाहीत तर चांगल्या शिक्षकांची मेहनत वाया जाते.

‘कोविडमध्ये ऑनलाइन शिकवलंच की, आता नवीन काय शिकायचं?’ हा त्यातला सर्वांत पसरलेला समज. त्या काळात शिक्षकांनी हाताशी होतं त्यावर वर्ग चालू ठेवले, त्याचं मोल मोठं आहे. पण वेळापत्रक तेच, व्याख्यान तेच, फक्त फळ्याच्या जागी स्क्रीन आली होती. चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच एका लेखात याला ‘इमर्जन्सी रिमोट टीचिंग’ असं वेगळं नाव दिलं. विद्यापीठाचा पूर्ण ऑनलाइन कोर्स नीट आखून तयार करायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, हेही त्याच लेखात आहे.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: व्हिडिओ झाला की कोर्स झाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्स-व्यासपीठाची रचनाच चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचन-साहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. पवईला, आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ‘लर्नर-सेंट्रिक मूक’ (विद्यार्थीकेंद्री खुला ऑनलाइन कोर्स) ही आखणी मांडली. तिच्यात व्हिडिओ छोटा असतो आणि मध्येच थांबतो. शिक्षक प्रश्न विचारतात, उत्तर लिहायला सांगतात आणि मगच पुढे जातात. त्यानंतर सराव, मग आपापल्या गतीनं आणि आवडीनं पुढे जाण्याच्या वाटा, आणि नेमक्या प्रश्नावर चर्चा.

असा प्रश्न कसा असावा याचं उदाहरण म्हणून कॉमर्सचा घसारा घ्या. मशीनवर या वर्षी १०,००० रुपये घसारा लिहिला. व्हिडिओ इथे थांबवून विचारायचं, ‘यामुळे बँकेतले किती पैसे कमी झाले?’ बरीच मुलं १०,००० लिहितील. बरोबर उत्तर शून्य, कारण पैसे मशीन घेताना गेले होते. आता तो खर्च वर्षांवर वाटला जातोय. कोर्सची खरी कारागिरी पुढच्या ओळीत आहे. १०,००० लिहिणाऱ्याला नुसतं ‘चूक’ असं दाखवायचं नाही. त्याला तसं का वाटलं असेल हे ओळखून तिथेच दोन वाक्यांत समजवायचं. मुलं कुठे अडतात हे वर्षानुवर्षं वर्गात उभं राहिलेल्या शिक्षकालाच ठाऊक असतं. ते ज्ञान कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही.

प्रश्न फक्त परीक्षेपुरते, असंही मानलं जातं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्यानं पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे प्रश्नाचं उत्तर आठवणं हेही शिकणंच आहे.

स्टुडिओविषयी थोडक्यात. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. छोटे व्हिडिओ मुलं जास्त बघत होती, आणि महागड्या चित्रीकरणापेक्षा समोर बसून मोकळेपणानं बोललेले व्हिडिओ त्यांना जास्त धरून ठेवत होते. अर्थात बघितलं म्हणजे समजलं असं नव्हे. आवाज मात्र स्वच्छ हवा आणि अक्षरं मोठी हवीत, कारण लोकलच्या डब्यात उभ्यानं मोबाइलवर बघणाऱ्याला बारीक अक्षरांची स्लाइड निरुपयोगी.

राहिला प्रशिक्षणाचा समज: वेबिनार ऐकला, प्रमाणपत्र मिळालं, झालं. आयआयटी मुंबईनं शिक्षकांसाठी ऑनलाइन फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम चालवले, त्यांत शिक्षक स्वतः ऑनलाइन विद्यार्थी झाले. मधला प्रश्न टाळून पुढे जाण्याचा मोह, चर्चेत उत्तर न मिळाल्याची खंत हे सगळं स्वतःला जाणवलं की आखणी बदलते. आयआयटी मुंबईचेच सॉफ्टवेअर शिकवणारे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत: सुमारे दहा मिनिटांचा व्हिडिओ स्क्रीनच्या एका बाजूला, सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला, थांबत थांबत करून बघायचं. कोर्स करणाऱ्या शिक्षकानं त्यातला एखादा तरी शेवटपर्यंत करावा.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात, तेव्हा ऑनलाइन कोर्स करण्याचं काम आता हौसेपुरतं राहिलेलं नाही. एका विभागातल्या तीन-चार शिक्षकांनी मिळून एकच घटक निवडावा. आधी प्रश्न आणि चुकीच्या उत्तरांचे प्रतिसाद लिहावेत, मग संहिता, आणि चित्रीकरण सर्वांत शेवटी. ते करण्यापूर्वी कच्चा धडा दोन-तीन विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाइलवर, शेजारी बसून करायला द्यावा. ते जिथे अडतील तिथे मदत न करता फक्त नोंद घ्यावी.