पट मोजणारे आणि गावे मोजणारे

पटानुसार शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निमित्ताने कमी पटाच्या शाळांचा विषय पुन्हा तापला आहे. सरकारी शाळा खासगी कंपनीसारखी चालवा, हा सल्लाही सोबत येतोच. ही तुलना दापोली तालुक्यातल्या मुरुडात उभे राहून करावी. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे.

सरकारी कारभाराचा चटका कर्व्यांना पोरवयातच बसला. परीक्षेसाठी ते मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढताना ते सरकारी मान्यतेसाठी अडून बसले नाहीत. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. तरी मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण टिकले. तेव्हा खासगी पैशाला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो निवडीच्या अधिकाराला. 2023 च्या दत्तक शाळा योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेला 50 लाखांच्या वस्तू-सेवा दिल्या की 5 वर्षे, 1 कोटीच्या दिल्या की 10 वर्षे देणगीदाराचे नाव जोडता येते. पगार, कारभार सरकारकडेच. पण शाळा कोणती, हे देणगीदार ठरवणार. तो डांबरी रस्त्यालगतची घेईल. डोंगरउतारावरच्या वाडीतली बारा पोरांची शाळा कोण घेणार?

आणि सरकार तरी वेगळे काय करते आहे? त्याच वर्षी राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा मोजल्या गेल्या आणि लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव आला. कोकणात वाड्याच विखुरलेल्या. पट कमी असणे हा शिक्षकाचा दोष नाही, ती इथल्या वस्तीची घडण आहे. आषाढात पऱ्या दुथडी भरला की पलीकडची शाळा सहा वर्षांच्या मुलीसाठी बंदच.

कर्व्यांनी 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, ते लोकल बोर्डाची शाळा नसलेल्या खेड्यांसाठी. त्यांनी हिशेब मांडला तो शाळेविना राहिलेल्या गावांचा. संचमान्यतेच्या तक्त्यात म्हणून एक रकाना वाढवावा: ही शाळा मिटली तर पुढची किती दूर, आणि पावसाळ्यात तिथवर जायची वाट कोणती. तो रकाना भरल्याशिवाय कोकणातल्या एकाही शाळेला कुलूप लावू नये.