गंजलेल्या जीपचा जीर्णोद्धार
खानदेशच्या कपाशीच्या शिवारांतील काळ्या मातीचा चिखल जिच्या चासीच्या सांध्यांत वर्षानुवर्षे ओल धरून बसला, अशा जीपचा जीर्णोद्धार आरंभणाऱ्याने प्रथम चासी तपासावी. गंज आतून पोखरतो, वरचा रंग फसवा असतो. मग जीपचे मॉडेल ओळखावे. जिचे बॉनेट विशेष उंच, ती सीजे-३बी : १९५३ साली विलीज कंपनीने काढलेल्या व पुढे महिंद्राने आपल्याकडे दीर्घकाळ घडविलेल्या या गाडीत इनलेट व्हॉल्व्ह माथ्यावर आल्याने इंजिन उंचावले आणि बॉनेटही वर उचलावे लागले.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून दप्तरी दाखल होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नित्याच्या वा व्यापारी वापरास मात्र मनाई. इंजिनात मोठा फेरफार केल्यास ही नोंदणी हुकते, म्हणूनच मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. न मिळणारा भाग लेथवर हुबेहूब घडवून देणारा कारागीर आणि भंगारात आलेला जुना गिअरबॉक्स अनोळखी शौकिनासाठीही राखून ठेवणारा दुकानदार, हेच जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींचे खरे वैभव.