खर्रर्र! गिअरबॉक्समध्ये कोण ओरडलं?

दोस्तांनो, ठाण्यातल्या कोपरीच्या रेल्वे पुलावर एक गंमत बघायला मिळते. आनंदनगरकडून तीन हात नाक्याकडे जाताना हा पूल लागतो. खालून लोकल धडधडत जातात आणि वर पूर्व द्रुतगती महामार्गाची ही गर्दी! गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. त्यात लाल ‘एल’ लावलेली, गाडी शिकणाऱ्या एखाद्या ताईची गाडी दिसली, तर आत बसलेल्यांच्या मानांकडे बघा. नंदीबैलासारख्या डोलताहेत! शेजारच्या गाडीतले आजोबा मात्र खुशाल पेंगताहेत. गर्दी तीच, पूल तोच. मग असं का बरं?

सगळी करामत गिअर बदलण्याची! चला, गाडीच्या पोटात शिरू या.

आधी एक कोडं. गाडी सिग्नलला उभी आहे. चाकं गप्प, इंजिन चालू. ते मिनिटाला किती वेळा फिरत असेल? 10? 100? छे! साधारण 800 वेळा! म्हणजे सेकंदाला 13 गिरक्या. आणि हा तर त्याचा आराम चाललाय!

याहून फार हळू फिरायला लावलं, की इंजिन रुसतं आणि बंदच पडतं. चाकांना तर शून्यापासून सुरुवात करायची असते. आता या दोघांचं जमायचं कसं?

इथे येतात गिअर. गिअर म्हणजे दातेरी चाकांच्या जोड्या. छोट्या दातेरी चाकाने मोठ्याला फिरवलं, की मोठं सावकाश फिरतं, पण भलतं जोरकस होतं. छोट्या मोटारीत पहिला गिअर असेल, तर रस्त्यावरचं चाक एकदा फिरायला इंजिन सुमारे 14 वेळा फिरतं. आणि पाचव्यात? जेमतेम तीनदा! म्हणून पुलाच्या चढावर गाडी हलवायला पहिला, आणि मोकळ्या रस्त्यावर पळायला पाचवा.

आणि क्लच? तो तुमच्या हातातच आहे. खरंच! तळव्यावर तळवा ठेवा. खालचा हात गोल फिरवा, वरचा अगदी हलका टेकवा. खालचा नुसता घसरतोय ना? आता हळूहळू दाबा. वरचा हातही ओढला जायला लागला! क्लचमध्ये अशाच चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. पायाने क्लच दाबला की त्या सुटतात, सोडला की चिकटतात. आणि तळवे गरम झाले का? चढावर उगाच अर्धा क्लच धरून ठेवला, की चकत्याही अशाच तापतात. मग तो करपल्याचा वास येतो, आठवतोय?

आता ऐका सगळ्यात भन्नाट गोष्ट. तुम्हाला वाटतं ना, की गिअर टाकला म्हणजे एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात अडकलं? अजिबात नाही! आजच्या गाड्यांमध्ये पुढे जाण्याच्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. पाचही जोड्या, सतत! फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या दांड्यावर मोकळं, नुसतं गरगरत असतं. गिअर टाकला की एक कडं सरकतं आणि त्यातल्या एकाच चाकाला दांड्याशी जखडून टाकतं. झालं!

पण दांडा एका वेगाने फिरतोय आणि चाक दुसऱ्याच. बागेतल्या फिरत्या चक्रावर तुम्ही कसे चढता? आधी त्याच्याबरोबर पळता. तुमचा वेग जुळला की टुणकन उडी! न पळता चढलात तर? आपटलात! त्या कड्याचंही तसंच. वेग जुळला नाही, तर त्याचे दाते चाकाच्या दात्यांवर आपटतात. खर्रर्र!

मग कड्याच्या वतीने पळतं कोण? बऱ्याचदा एक छोटीशी पितळी रिंग. मेकॅनिक तिला ‘सिंक्रो’ म्हणतात. ती आधी चाकाला घासते, वेग सारखे करते आणि तोवर कड्याला वाट देत नाही! म्हणून हुशार हात गिअरची दांडी हिसकत नाहीत. किंचित दाबून धरतात, की दांडी आपोआप आत जाते. सिंक्रोची ही युक्ती 1928 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये आली. आपल्या कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटमध्ये गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असायची, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता! टॅक्सीवाले काका गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकायचे. नाहीतर सगळ्या नाक्याला ऐकू जायचं!

मग मानांचं काय? ते पायाचं काम. ताशी 20 किलोमीटरला पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 2,600 वेळा फिरतं. त्याच वेगाला दुसऱ्यात 1,400 पुरतात. म्हणजे मधल्या 1,200 गिरक्या कुठेतरी जिरायला हव्यात! पेंगणाऱ्या आजोबांच्या गाडीचे ड्रायव्हरकाका काय करतात? ॲक्सिलरेटर सोडतात, क्लच दाबतात, गिअर टाकतात. तेवढ्यात इंजिन आपलं आपण मंदावतं. मग क्लच अलगद सोडतात. ताई घाईने क्लच सोडते, इंजिनाला एका क्षणात मंदावावं लागतं आणि त्याचा सगळा राग निघतो तुमच्या मानेवर!

बरं, गाडी मागे घेताना येणारा ‘कुंईईई’ आवाज ऐकलाय? पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात. ते हळूच एकमेकांत शिरतात, म्हणून गप्प. रिव्हर्सचे दाते बऱ्याच छोट्या गाड्यांत सरळ असतात आणि तिथे सिंक्रोही नसतो. म्हणून रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवायची. पण इंजिन तर एकाच दिशेने फिरतं, मग गाडी मागे जाते कशी? दोन दातेरी चाकांच्या मध्ये तिसरं घालतात. बस्स, एवढंच! पुठ्ठ्याची तीन दातेरी चाकं कापा, टाचण्यांनी शेजारी-शेजारी टोचा, पहिलं फिरवा आणि तिसरं कुठल्या दिशेने जातं ते बघा.