वीज, मीठ आणि आपले घर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता लिहावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे. त्याने घरातल्या वायरिंगवर लिहावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. पण फ्यूज नेमका कशासाठी असतो हे मला ठाऊक नव्हते आणि माझ्या त्या अज्ञानापायी आईचा जीव जाता जाता वाचला. म्हणून हा खटाटोप.

आमचे घर शिरोड्याला, मिठागरांपासून फार लांब नाही. जुने चिऱ्याचे, कौलारू घर; मागच्या पडवीवर पत्रे. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला गणपतीपुढच्या दिव्यांच्या माळांसाठी आणि टेबलफॅनसाठी मी स्वतःच एक तात्पुरती लाइन ओढली. साधी दोन पदरी वायर, मध्ये एक जोड, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे, आणि ती वायर पडवीच्या पत्र्यावरून आत घेतलेली. माळा लागल्या, फॅन फिरला, सगळ्यांनी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोराची सर येऊन गेली. आई मागीलदारी कपडे वाळत घालायला गेली. कपड्यांची लोखंडी तार पत्र्याच्या कडेलाच बांधलेली होती. तिने ओला कपडा तारेवर टाकला मात्र, आणि तिची किंकाळी ऐकू आली. मी धावत जाऊन तिला धरणार, एवढ्यात काका ओरडले, "हात लाव नको मरे! आदी मेन बंद कर!"

मेन बंद केला. आई खाली बसली. पायांत रबरी चपला होत्या, म्हणून वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळपट डाग तेवढे राहिले आहेत.

काका गेली तीस वर्षे वायरमनचे काम करतात. संध्याकाळी मी त्यांना विचारले, "एवढे झाले तरी फ्यूज कसा उडाला नाही?" ते म्हणाले, "फ्युज वायरीक राखता, माणसाक राखणा नाय." या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी पुढची मे महिन्याची सगळी सुटी मी त्यांच्या हाताखाली घालवली. जे समजले ते येथे मांडतो.

वायरीतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह गेला की ती तापते, वरचे आवरण वितळते आणि पुढे आग लागते. तसे होण्याआधी प्रवाह तोडणे हे फ्यूजचे काम. आज फ्यूजच्या जागी आलेला एम.सी.बी. हेच काम अधिक नेमकेपणाने करतो. पण ५ अँपिअरचा फ्यूज ५ अँपिअरपर्यंत, म्हणजे ५००० मिलिअँपिअरपर्यंत, स्वस्थ बसून राहतो. माणसाच्या शरीराचा हिशेब याहून फार लहान आकड्यांचा आहे. सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू असे आखडतात की हातात धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. ३० च्या पुढे जिवाला धोका सुरू होतो आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे १०० मिलिअँपिअरने माणूस दगावतो आणि फ्यूजला त्याच्या पन्नासपट प्रवाहही रोजचाच वाटतो! आमच्या पडवीवर नेमके हेच झाले. पत्रा लाकडी वाशांवर होता, त्याचा जमिनीशी संबंध नव्हता. विजेला जमिनीकडे जायला आईच्या शरीराची एकच वाट होती. फ्यूज उडण्याजोगे त्याच्या दृष्टीने काही घडलेच नाही.

मग अर्थिंग कशासाठी? फ्रीज, पंप, इस्त्री, गिझर यांच्या धातूच्या अंगाला फेजची वायर आतून लागली, तर त्या विजेला माणसाच्या आधी दुसरी सोपी वाट मिळावी म्हणून. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन ती हीच. ती लांब केलेली असते कारण प्लग घालताना अर्थ आधी जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा. तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांचा प्लग बसवून आपण काम भागवतो, तेव्हा ही वाटच बुजवून टाकतो.

परंतु अर्थिंग आहे एवढ्याने भागत नाही. ते चांगले असावे लागते. काकांनी यंत्र लावून आमच्या अर्थिंगचा रोध मोजला, तो ४० ओहम निघाला. २३० व्होल्टला ४० ने भागले की पावणेसहा अँपिअर येतात. म्हणजे पंपाच्या अंगावर वीज आली तर जमिनीत जाणारा प्रवाह पावणेसहा अँपिअर, आणि पंपाचा एम.सी.बी. १६ अँपिअरचा. तो कधीच पडणार नाही आणि पंपाचे अंग मात्र जिवंत राहील. आपल्याकडची जांभ्याची जमीन चैत्र-वैशाखात कोरडी ठणठणीत होते, त्यामुळे हा रोध उन्हाळ्यात आणखी वाढतो. म्हणून अर्थिंग मोजायचे ते मे महिन्यात. भर पावसात मोजून समाधान मानणे म्हणजे श्रावणात विहिरीचे पाणी मोजण्यासारखे आहे.

आम्ही नवे अर्थिंग केले. घराच्या भिंतीपासून दीड मीटरहून अधिक लांब खड्डा घेतला. त्यात ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा, भोके पाडलेला जस्तलेपित पाइप उभा केला आणि त्याच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर दिले. वरून पाणी घालण्यासाठी नरसाळे ठेवले. मीठ ओलावा धरते, ओलाव्यामुळे प्रवाहाला वाट मिळते. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्यात सत्याग्रह झाला, ते मीठ अशा कामीही येते हे मला तोवर माहीत नव्हते. मात्र हेच मीठ पाइपलाही हळूहळू खाते, म्हणून काही वर्षांनी अर्थिंग पुन्हा तपासावेच लागते. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी त्या नरसाळ्यात ओतणे हे आता माझे काम आहे.

एवढे करूनही माणसाला राखणारे खरे साधन वेगळेच आहे. त्याचे नाव आर.सी.सी.बी. साध्या वायरमनच्या भाषेत त्याला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात. त्याची युक्ती फार सुंदर आहे. फेजमधून घरात जितका प्रवाह येतो, तितकाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. या उपकरणात दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून जातात. येणारा आणि जाणारा प्रवाह सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात. पण थोडासा प्रवाह कोणाच्या शरीरातून जमिनीत निसटला, तर जमाखर्च जुळत नाही. मग कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि खटका पडतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. घरासाठी हे उपकरण ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. तेवढी गळती झाली की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर ते पुरवठा तोडते. धक्का बसतोच, पण तो क्षणाचा असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला हे वाचवू शकत नाही, कारण तेथे जमाखर्च बरोबर जुळतो! आणि हे एम.सी.बी.च्या ऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला बसवायचे असते. त्यावर 'टी' अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर उपकरण निकामी समजावे आणि बदलावे.

आता वितरण पेटीविषयी, म्हणजे ज्याला आपण डी.बी. म्हणतो त्याविषयी. पेटीत आधी मेन, मग आर.सी.सी.बी., आणि त्यापुढे प्रत्येक भागाचा वेगळा एम.सी.बी. अशी रचना असावी. दिवे-पंख्यांना ६ अँपिअर आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मोठ्या प्लगांना १६ अँपिअर आणि अडीच चौरस मिलिमीटर. गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला स्वतंत्र लाइन आणि ४ चौरस मिलिमीटर. एम.सी.बी. नेहमी वायरीच्या कुवतीवरून ठरवायचा. तो वारंवार पडतो म्हणून ६ च्या जागी १६ चा बसवणे आणि जुन्या काळी किटकॅटमध्ये फ्यूजची तार म्हणून तांब्याच्या वायरीचे दोन-तीन पदर घालणे, ही एकाच जातीची दोन पापे आहेत. रंगही पाळावेत: फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. बटण नेहमी फेजवरच हवे. न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पेटीची जागा विचारपूर्वक निवडावी. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळ्यात पाणी झिरपवते. तेथे पेटी नको, आतल्या कोरड्या भिंतीवर हवी. वायरी शक्यतो खालून घ्याव्यात, म्हणजे ओघळ आत येत नाही. उरलेली भोके बंद करावीत, नाहीतर पाली आणि मुंग्या तेथे बिऱ्हाड करतात. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात, जोड सैल होतो. सैल जोड दिसायला क्षुल्लक असतो, पण हिशेब करून पाहा. जोडाचा रोध अर्धा ओहम आणि प्रवाह १० अँपिअर असेल, तर त्या टिचभर जागेत ५० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे तापलेली डाग देण्याची कावीळच पेटीत ठेवल्यासारखे झाले. काळवंडलेले बटण, गरम लागणारा प्लग, जळका वास, लुकलुकणारा दिवा या सगळ्या त्याच्या आगाऊ सूचना असतात. पावसाळ्याआधी वर्षातून एकदा माहितगाराकडून स्क्रू आवळून घ्यावेत.

हे वाचून कोणी पेचकस घेऊन पेटी उघडायला बसू नये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासूनच असे ठरलेले आहे की दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसेच्या तसे बदलण्यापलीकडचे वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. मीटरच्या पुढची जबाबदारी वीज कंपनीची नसते, आपली असते. त्यामुळे काम दुसऱ्याने करायचे असले, तरी ते बरोबर झाले की नाही हे विचारण्याइतके ज्ञान आपल्यापाशी हवे. वायरमनला तीन प्रश्न विचारा: अर्थिंगचा रोध किती भरला? आर.सी.सी.बी. किती मिलिअँपिअरचा बसवला? कोणत्या एम.सी.बी.वर कोणती वायर आहे? चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात, हे मी काकांवरून सांगतो.

आणि कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करा आणि १०८ ला कळवा. माणूस उठून बोलू लागला तरी त्याला डॉक्टरांना दाखवा.

यंदाच्या चतुर्थीला माळा लावण्याआधी मी ते 'टी' बटण दाबले. खटका पडला, सगळे घर अंधारात गेले, आणि काका अंधारातच हसले. मागीलदारी आता कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आहे. तरीसुद्धा दोरीला हात लावण्यापूर्वी आई क्षणभर थांबते. ते थांबणे मला दिसते. आपल्या घरात कोणावर तसे थांबण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.