माळव्याची हवा आणि औषधाला दाद न देणारे जंतू

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. तेथील कोरड्या हवेची आणि शीतल रात्रींची ख्याती मोठी. क्षयाने जर्जर झालेले गायक कुमार गंधर्व १९४८ साली देवासला जाऊन राहिले, ते वैद्यांच्या सल्ल्यावरून, या हवेसाठीच. गाणे बंद पडले होते. पुढे स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध मिळाले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. गुण हवेचा की औषधाचा? मद्रासच्या क्षय-संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले, की घरी राहून नियमाने औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात.

परंतु औषधही एकटे पुरत नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्या बहुतेक रुग्णांच्या जंतूंनी काही महिन्यांतच त्याला दाद देणे सोडले. म्हणून तर क्षयावर अनेक औषधे जोडीने देतात.

आता हवामानाकडे पुन्हा वळू. कारण जंतूंच्या लेखी ऊन-थंडीला फार अर्थ आहे. स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेत शिरून तिच्या हातून चुका करविते. प्रथिने वेडीवाकडी होतात. प्रखर उष्णतेनेही प्रथिनांची घडी अशीच विसकटते. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूला हे औषध दिले, तर उन्हाचा चटका बसल्याप्रमाणे तो बचावाची धडपड करतो आणि टेट्रासायक्लिन दिले तर गारठल्याप्रमाणे वागतो, असे १९९० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले. त्या क्षुद्र जीवाला आपले औषध म्हणजे जणू वैशाख आणि पौषच! औषध पचविण्याची विद्या जंतूंनी ऊन-थंडी सोसण्याच्या आपल्या जुन्या शक्तीतूनच उचलली असावी, असा तर्क २०१९ साली कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी मांडला. आम्हांस तो पटतो; तथापि तर्क तो तर्कच.

देवासकडून उज्जैनला वाहत जाणाऱ्या क्षिप्रेचे पाणी व गाळ निरनिराळ्या ऋतूंत तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोहोंतही औषधांना न जुमानणारे ई. कोलाय सापडले, पाण्यात औषधाचा अंशही मिळाला. तो तेथे आला कसा, याचे नवल वाटावयास नको. गिळलेल्या गोळीचा काही भाग मलमूत्रावाटे तसाच बाहेर पडतो आणि नाल्यातून नदीस मिळतो. मे महिन्यात तापलेल्या उथळ पाण्यात जंतूला ऊन आणि औषध या दोहोंचा सराव एकदमच होत असावा, अशी आम्हांस शंका येते.