पौरुषग्रंथीवृद्धी आणि सौम्य व्यायाम : आधी परीक्षण, मग उपदेश

साठी उलटलेले गृहस्थ चिकित्सालयात येतात ते बहुधा गुडघ्यांची तक्रार घेऊन. रात्री चार-चार वेळा लघवीस उठावे लागते, हे ते निघता निघता सांगतात. अशा रुग्णास ‘रोज व्यायाम करा’ एवढे सांगून भागत नाही.

आचार्य वाग्भटांनी वृद्धांस व्यायाम वर्ज्य सांगितला असून बलवानासही अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. मात्र तेथे अभिप्रेत आहे ते शरीरास आयास देणारे कर्म. सपाट जागी, बोलता येईल इतक्या गतीने २०-३० मिनिटे चालणे बहुतेकांना मानवते. सायंकाळी पायांवर सूज येत असल्यास दुपारी पाय उंचावर ठेवून घोटे हलवावेत. दिवसभर पायांत साचलेला द्रव रात्री आडवे होताच रक्तात परततो आणि मूत्राचे प्रमाण वाढवतो.

वेग येताच धावावे लागणाऱ्यांस अश्विनी मुद्रेप्रमाणे आकुंचन उपयुक्त ठरते. ५ सेकंद आकुंचन, तितकेच शैथिल्य, अशी १० आवर्तने दिवसातून तीनदा करावीत. श्वास रोखू नये. लघवी करताना धार तोडण्याचा सराव टाळावा. लाभास ६ ते १२ आठवडे लागतात. व्यायामाने ग्रंथी लहान होत नाही, हेही रुग्णास स्पष्ट सांगावे.

येथे माझी एक चूक नमूद करतो. सत्तरीच्या एका रुग्णास झोपेत नकळत लघवी होत असे. मी ती वार्धक्याची दुर्बलता मानली आणि आकुंचनाचा अभ्यास शिकवला. तीन आठवड्यांनी अरुची व मळमळ घेऊन ते आले, तेव्हा प्रथमच उदरस्पर्शन केले. मूत्राशय नाभीपर्यंत तुडुंब भरले होते. ती गळती दुर्बलतेची नव्हती, काठोकाठ भरलेल्या घागरीची होती. कॅथेटर घातल्यावर आराम पडला; वृक्कांची हानी मात्र पूर्णपणे भरून आली नाही.

सुश्रुतांनी मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. निदानाचा हा विवेक मी त्या दिवशी विसरलो होतो.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील घटकांमुळे अशा रुग्णांची लघवी एकाएकी अडू शकते. वृद्ध ग्राहकास गोळी देण्यापूर्वी मूत्राची तक्रार अवश्य विचारावी. लघवी अडणे, मूत्रातून रक्त जाणे किंवा त्रासासोबत ज्वर असणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

व्यायामाचा कागद लिहिण्यापूर्वी वैद्याचा हात रुग्णाच्या उदरावर पडलाच पाहिजे.